चलन आले : दंड भरावा की वकील करावा?

मालेगावहून कापडाच्या गाठी भरून एक टेम्पो रात्री भिवंडीला निघतो. कसारा घाट उतरल्यावर तो थांबवला जातो. काट्यावर वजन होते आणि माल परवानगीपेक्षा एक टन जास्त भरतो. चालकाच्या हाती चलन येते. सकाळी तो मालकासमोर उभा राहतो. मालक तरुण आहे, चालक त्याच्या वडिलांच्या वेळेपासूनचा. मालक म्हणतो, "चाचा, तुम्ही कशाला घाबरता? फक्त 'कबूल आहे' म्हणा, पैसे मी भरतो." चालक खाली मान घालून विचारतो, "पैसे तुम्ही भराल, शेठ. पण लायसन्स माझे जाईल ना?"

हा प्रसंग नमुन्यादाखल घेतला आहे. पण ज्यांच्या दारात टेम्पो, रिक्षा किंवा मालाची मोटारसायकल उभी असते, त्यांना तो अनोळखी वाटणार नाही. चालकाने विचारलेला प्रश्नच आजच्या लेखाचा विषय आहे. चलन आले की आपण फक्त दंडाची रक्कम पाहतो. ती लहान असेल तर भरून मोकळे होतो, मोठी असेल तर वकिलाकडे धावतो. ही पद्धत चुकीची आहे. रकमेमागे आणखी काय जाणार आहे, आणि ते कोणाचे जाणार आहे, हे पाहून वकील करायचा की नाही ते ठरवले पाहिजे.

चलन म्हणजे शिक्षा नव्हे

सर्वप्रथम हे समजून घ्यावे की चलन म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. आपल्याकडून अमुक गुन्हा झाला, असा तो पोलिसांचा किंवा परिवहन खात्याचा आरोप असतो. तो मान्य करण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि दंडाच्या रकमा पुष्कळ वाढल्या. महाराष्ट्रात वाढलेल्या रकमा डिसेंबर २०२१ पासून लागू झाल्या. या कायद्याच्या कलम २०० प्रमाणे बरेचसे गुन्हे तडजोडीने मिटवता येतात. राज्य सरकारने ठरवलेली रक्कम भरली की त्या गुन्ह्याचा खटला पुढे चालत नाही. आपण ज्याला 'दंड भरला' म्हणतो, ती बहुतेक वेळा ही तडजोडच असते.

सर्व गुन्हे मात्र असे मिटत नाहीत. दारू पिऊन गाडी चालवणे, म्हणजे कलम १८५, तडजोडीत बसत नाही. धोकादायक रीतीने गाडी चालवण्याचे कलम १८४ फक्त हातात मोबाईल धरून बोलण्यापुरते बसते. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्याबद्दल पालक किंवा मालकावर लागणारे कलम १९९अ बसत नाही. अशा प्रकरणांत न्यायालयाची पायरी चढावीच लागते.

म्हणून रक्कम पाहण्याआधी चलनावरचे कलम वाचावे. सिग्नल तोडल्याचेच उदाहरण घ्या. ते साध्या कलम १७७ खाली नोंदवले तर थोडक्या रकमेवर मिटते. परंतु २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा ओलांडणे धोकादायक वाहन चालवण्याच्या व्याख्येतही येते. कागदावर १८४ लिहिले असेल तर पहिल्या गुन्ह्यालाही सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. चूक एकच, पण आकडा बदलला की वजन बदलते. ज्याला कागद वाचता येत नसेल त्याने तो लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यावा. अंदाजाने होकार देऊ नये.

दंड मालकाचा, लायसन्स चालकाचा

आता चाचांच्या प्रश्नाकडे येऊ. तडजोडीचे पैसे भरले की सगळे संपले, असा समज आहे. तो पूर्ण खरा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की, तडजोड झाली तरी लायसन्सवरची कारवाई टळत नाही. अतिवेग, धोकादायक वाहन चालवणे, दारू पिऊन चालवणे, दुचाकीवर तिघांनी बसणे, हेल्मेट न घालणे अशा गुन्ह्यांत पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे पाठवू शकतात. तेथे पहिल्या वेळी ते तीन महिन्यांसाठी निलंबित होऊ शकते, आणि पुन्हा तसेच घडले तर रद्दही होऊ शकते.

मालवाहू गाडीत जादा माल भरणे हेही लायसन्स निलंबित करण्याचे कारण आहे. रस्ता सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०१५ साली राज्यांना निर्देश दिले होते. अतिवेग, लाल दिवा तोडणे, जादा माल, मालगाडीत माणसे बसवणे, दारू आणि मोबाईल या गुन्ह्यांत किमान तीन महिने लायसन्स निलंबित करावे, असे त्यात म्हटले होते.

ज्याची स्वतःची दुकानदारी आहे आणि जो कधीमधी स्कूटर चालवतो, त्याला तीन महिने त्रास होईल, पण त्याची चूल बंद पडणार नाही. ज्याचा रोजगारच चाकावर आहे, त्याच्या घरी मात्र तीन महिने पैसा येणार नाही. म्हणून मालक आणि चालक यांचे हित प्रत्येक वेळी एक असते असे समजू नये. मालकाला गाडी लवकर सुटायला हवी असते, चालकाला लायसन्स वाचवायचे असते. दोघांसाठी एकच वकील केला तर तो कोणाचे हित पाहणार, हे आधीच विचारून घ्यावे.

कायद्याने चालकाला अगदी उघड्यावर सोडलेले नाही. जादा वजनाच्या बाबतीत कलम ११३ असे सांगते की, चालक गाडीचा मालक नसेल तर मालकाच्या माहितीने किंवा हुकमानेच तसे घडले, असे न्यायालय गृहीत धरू शकते. लायसन्स निलंबित करण्यापूर्वी अधिकाऱ्याने चालकाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. हुकूम विरुद्ध गेला तर तो मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते. पुष्कळ चालक ही नोटीस खिशात ठेवून देतात आणि सुनावणीला जातच नाहीत. दंडाच्या तारखेपेक्षा ही तारीख महत्त्वाची आहे.

तीन वाटा

चलन आल्यावर आपल्यापुढे तीन वाटा असतात. कोणती केव्हा धरावी, ते क्रमाने पाहू.

पहिली वाट म्हणजे भरून मोकळे होणे. चूक खरोखर झाली आहे, गुन्हा तडजोडीचा आहे, लायसन्सला धोका नाही आणि पूर्वीची तशी नोंद नाही, तर वकिलाचा विचारही करू नये. चुकीच्या जागी गाडी उभी केल्याचे चलन तीन तारखा लढवण्यात कसला शहाणपणा? पैसे सरकारी पद्धतीने भरावेत आणि पावती जपून ठेवावी. रस्त्यावरच 'मिटवून टाकण्याच्या' फंदात पडू नये. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. शिवाय असे पैसे दिल्यावर हाती पावती नसते, आणि चलन आधीच यंत्रात नोंदले गेले असेल तर तेही भरावे लागते.

दुसरी वाट म्हणजे स्वतः हरकत घेणे. चूक आपली नाही आणि तसा पुरावा कागदावर किंवा छायाचित्रात आहे, तर बहुधा वकिलाची गरज लागत नाही. ई-चलनाबरोबर छायाचित्र असते. ते उघडून पाहावे. नंबर आपला पण गाडी दुसऱ्याच रंगाची किंवा बनावटीची दिसत असेल, तर कोणीतरी आपल्या नंबरची पाटी वापरत आहे किंवा नंबर वाचण्यात चूक झाली आहे. आपल्या गाडीची छायाचित्रे, नोंदणी पुस्तक आणि त्या वेळी गाडी दुसरीकडे होती याची बिल्टी किंवा टोलची नोंद जोडून तक्रार करावी. ई-चलनाच्या संकेतस्थळावर त्याची सोय आहे. नंबर बनावट असल्याची शंका असेल तर पोलीस ठाण्यातही लेखी कळवावे. उद्या त्याच नंबरच्या गाडीने अपघात केला तर हा कागद उपयोगी पडेल.

विमा होता पण कागद जवळ नव्हता, म्हणून चलन झाले असेल, तर चलनाच्या तारखेला विमा चालू असल्याचे दाखवून देता येते. सरकारी डिजिलॉकरमधील लायसन्स व नोंदणीचे कागद २०१८ पासून मूळ कागदासारखेच ग्राह्य धरले जातात. एवढी सोय प्रत्येक चालकाच्या फोनमध्ये करून ठेवली तर निम्मी कटकट टळेल.

विकलेल्या गाडीचे चलन आपल्या नावावर येणे, हेही व्यापाऱ्यांचे नेहमीचे दुखणे आहे. गाडी विकली, पैसे मोजून घेतले, हात मिळवले. पण नाव बदलले नाही. कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. ते केले नसेल तर सरकारदरबारी मालक आपणच राहतो. विक्रीचा कागद दाखवून हरकत घेता येते, परंतु खरा इलाज नाव बदलण्याचाच आहे.

छोट्या टेम्पोवाल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्याने मालवाहू टेम्पो चालवला म्हणजे तो विनालायसन्स, असे पूर्वी अनेकदा धरले जाई. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा वाद मिटवला. मालासह एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेले मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, वेगळ्या शिक्क्याची गरज नाही, असा निर्णय झाला. अशा कारणावरून चलन झाले तर निमूटपणे भरू नये. नोंदणी पुस्तकातील वजन दाखवून हरकत घ्यावी.

तिसरी वाट म्हणजे वकील करणे. पुढील प्रसंगांत तो करावाच. अपघातात कोणी जखमी झाले किंवा दगावले असेल. दारू पिऊन चालवल्याचा आरोप असेल. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या अल्पवयीन मुलाने गाडी चालवली असेल. पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, तसेच गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, अशी ही तरतूद आहे. दुकानातल्या पोराला 'जा, पटकन माल देऊन ये' म्हणून स्कूटरची किल्ली देणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. याशिवाय पोटापाण्याचे लायसन्स किंवा गाडीचे परमिट जाण्याची पाळी असेल, किंवा न्यायालयाचे समन्स चुकून वॉरंट निघाले असेल, तरी उशीर करू नये.

अपघातात वकील का हवा, याचे आणखी एक कारण आहे. तेथे दिलेल्या कबुलीचा परिणाम केवळ दंडापुरता राहत नाही. चालकाकडे योग्य लायसन्स नव्हते असे ठरले तर विमा कंपनी जखमीला भरपाई देऊन तीच रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. काही हजारांच्या चलनात 'कबूल आहे' म्हणणारा माणूस काही लाखांच्या दाव्यात अडकू शकतो. म्हणून माणसाला इजा झाली असेल तेथे वकिलाला विचारल्याशिवाय काहीही कबूल करू नये. मात्र जखमीला दवाखान्यात नेणे आणि पोलिसांना कळवणे हे आपले कर्तव्य आहे. ते टाळण्याचा सल्ला देणारा माणूस आपला हितचिंतक नव्हे.

हिशेब मांडून पाहा

व्यापाऱ्याला हिशेब शिकवण्याची गरज नाही, पण रागाच्या भरात तोही हिशेब विसरतो. समजा, दीड हजार रुपयांचे चलन आहे. वकील तीन हजार मागतो. दोन तारखांना जावे लागेल, आणि गाडी एक दिवस उभी राहिली की हजार रुपये बुडतात. म्हणजे पाच हजार घालून दीड हजार वाचवायचे, आणि तेही वाचतीलच असे नाही. खटला हरलो तर न्यायालय तडजोडीच्या रकमेइतकाच दंड करील असे बंधन नाही. कायद्यातील मर्यादेपर्यंत तो वाढू शकतो.

आता त्याच दीड हजारांच्या पाठोपाठ तीन महिने लायसन्स जाणार असेल, आणि चालकाची महिन्याची कमाई पंधरा हजार असेल, तर पणाला दीड हजार नाही, साडेशेहेचाळीस हजार आहेत. तेथे तीन हजारांची फी महाग म्हणता येणार नाही. चलनाची रक्कम तीच, उत्तर मात्र उलट.

आणखी दोन गोष्टी हिशेबात धराव्यात. कायदा मोडल्याबद्दलचा दंड आयकराच्या हिशेबात धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. तो नफ्यातूनच जातो. दुसरे, खटला दूरच्या गावी असेल तर वकिलाचा मुख्य उपयोग खेपा वाचवण्यासाठी होतो. न्यायदंडाधिकाऱ्याने परवानगी दिली तर आरोपीच्या ऐवजी त्याचा वकील हजर राहू शकतो. मालेगावच्या माणसाला ठाणे जिल्ह्यातील न्यायालयात चार वेळा जाण्यापेक्षा तेथलाच वकील करणे स्वस्त पडेल.

जुनी चलने साचली असतील तर लोकअदालतीची चौकशी करावी. तडजोडीस पात्र असलेली प्रकरणे तेथे उभय पक्षांच्या संमतीने मिटतात आणि सहसा वकील लागत नाही. मात्र तेथील निवाड्यावर अपील नसते, म्हणून सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे. केवळ दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने साधारणपणे सहा महिन्यांच्या आत घ्यायची असते. फार जुन्या आणि मोठ्या रकमेच्या चलनात हा मुद्दा वकिलाला आवर्जून विचारावा.

वकील निवडताना

न्यायालयाच्या आणि परिवहन कार्यालयाच्या आवारात 'काम करून देतो' म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांतला प्रत्येक जण वकील नसतो. सनद आहे का, ते विचारावे. फी किती, त्यात किती तारखा येतात, टायपिंग व झेरॉक्सचा खर्च कोणाचा, हे आधी ठरवावे आणि कागदावर घ्यावे. 'जिंकलो तर इतके द्या' अशी निकालावर अवलंबून फी ठरवण्यास वकिलांच्या नियमांत मनाई आहे. निकालाची हमी देणाऱ्यापासून तर दूरच राहावे. वकीलपत्रावर कोऱ्या जागा ठेवून सही करू नये. मूळ कागद न देता प्रती द्याव्यात, आणि पुढची तारीख स्वतः लिहून ठेवावी. वकील केला म्हणजे आपली जबाबदारी संपली असे होत नाही.

ज्यांना फी झेपत नाही त्यांनी तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अपंग, औद्योगिक कामगार, अटकेत असलेले आणि ठराविक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले यांना मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. आपल्या वस्त्यांतील हातावर पोट असलेले किती तरी चालक यात बसतात, पण दार ठोठावत नाहीत.

चाचांचे काय करावे?

सुरुवातीच्या टेम्पोकडे परत येऊ. जादा वजनाला कायद्यात वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. म्हणजे येथे बावीस हजार, शिवाय माल उतरवण्याचा खर्च वेगळा. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. मालकाने प्रथम काट्याची पावती आणि नोंदणी पुस्तकातील वजन ताडून पाहावे. तफावत असेल तर लढावे. वजन खरोखरच जास्त असेल तर ते नाकारण्यासाठी वकिलावर पैसे घालवू नयेत. तडजोडीची रक्कम मालकाने स्वतः भरावी, चाचांच्या पगारातून कापू नये. गाठी कोणाच्या सांगण्यावरून भरल्या, हे दोघांनाही ठाऊक आहे.

वकिलाचा पैसा खर्च करायचाच तर तो लायसन्सच्या सुनावणीसाठी करावा. माल माझ्या हुकमावरून भरला गेला, चालकाची इतक्या वर्षांची नोंद स्वच्छ आहे, असे मालकाने लेखी द्यावे आणि सुनावणीला चाचांबरोबर जावे. एवढ्याने लायसन्स वाचेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. नाही वाचले, तर ते तीन महिने चाचांना गोदामात किंवा कारखान्यात काम द्यावे आणि पगार चालू ठेवावा. एक टन जादा मालावर जो नफा झाला असता तो मालकाच्या पेटीत गेला असता. मग त्याचा तोटाही त्याच पेटीतून गेला पाहिजे.

आणि पुढच्या खेपेस गाडी निघण्यापूर्वी तिचे वजन आपल्याच गावच्या काट्यावर करून घ्यावे. त्याला फार पैसे पडत नाहीत.